डोकं आहे, मग वाचत का नाही?

"डोकं आहे हो त्याला, पण लक्षच देत नाही." बोईसर-तारापूरच्या पालकसभेत हे वाक्य कानावर पडतंच. बिघडलेला पंखा खोलून पुन्हा जोडणारं पोर चौथीच्या धड्यात दुसऱ्याच ओळीला अडखळतं, तेव्हा आळसाखेरीज दुसरं कारण आपल्याला सुचत नाही. ते कारण डिस्लेक्सियाही असू शकतं. त्यात बुद्धी शाबूत असते; शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणं तेवढं जड जातं. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १८९६ साली अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची नोंद केली. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरेल, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं.

गैरसमज : हे इंग्रजीचं दुखणं. मराठीत बोलतो तसंच लिहायचं, त्यात कसली अडचण?

'कि'मधली वेलांटी दिसते 'क'च्या आधी, उच्चारायची मात्र 'क'नंतर. 'सूर्य'मधला रफार बसतो 'य'च्या डोक्यावर आणि ऐकू येतो त्याच्या आधी. घ-ध, भ-म यांत फरक तो केवढा! मराठीत ही मुलं पुष्कळदा बरोबर वाचतात, पण फार सावकाश. लिहिताना काना-मात्रा गळतात, जोडाक्षर दिसलं की अंदाज ठोकतात. हुशार मुलाचे अंदाज बरोबरही येतात, इथेच आपण फसतो. चित्र बघून, शेजारच्याचं ऐकून तो दुसरीपर्यंत धडा धडाधडा म्हणून दाखवतो. तेच वाक्य कोऱ्या कागदावर, चित्राशिवाय, शब्द मागेपुढे करून वाचायला द्या. निदान यावरून होत नाही, पण शंका घ्यायला पुरे.

गैरसमज : घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणूनच गोंधळ.

जास्त भाषांनी डिस्लेक्सिया होत नाही. याची दुसरी बाजूही आहे. पाड्यावरचं वारली बोलणारं मूल शाळेत पुस्तकी मराठीशी पहिल्यांदा झुंजत असेल, तर त्याला ती शिकायला पुरेशी सवड मिळाली का, हे आधी बघायचं. डोळे-कानही तपासून घ्यावेत. मात्र चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही.

गैरसमज : दहा-दहा वेळा लिहून घेतलं की सुधारेल.

वहीत चूक दहा वेळा पक्की होते, एवढंच. उपयोग होतो तो ध्वनी-अक्षराची जोडी एकेक करून, क्रमाने, पुन्हा पुन्हा शिकवण्याचा. रोज थोडा वेळ, तोही मूल ताजंतवानं असताना. सेकंड शिफ्टहून बाबा परतल्यावर रात्री अकराला नव्हे. आणि गोष्टी वाचून दाखवणं थांबवू नका. वाचन मागे आहे म्हणून विचारांनाही उपाशी का ठेवायचं?

गैरसमज : प्रमाणपत्र घेतलं की जन्माचा शिक्का बसला.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता येते. प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुलाच्या कपाळावर ते कुणी चिकटवत नाही. चाचणी साधारण आठव्या वर्षानंतर होते. शिकवण्यातली मदत मात्र त्याआधीच सुरू करावी. खासगी अहवाल शिकवण्यासाठी कामाचा, सवलतीसाठी अधिकृत सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते कुठून घेतलेलं चालेल, हे आधी शाळेत आणि पालघरच्या जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात विचारा, नाहीतर लोकलचा हेलपाटा फुकट जायचा. तपासणीला जाताना जुन्या वह्या घेऊन जा. नीटनेटक्या घरीच राहू द्या, लाल शेऱ्यांच्या तेवढ्या न्या.