साखळी कोठे बांधाल?

बांधावरचा बुंधा छोट्या ट्रॅक्टरने उपटताना तुम्ही पाहिला असेल. साखळी कोठे बांधली होती?

समजा, ट्रॅक्टर ८०० किलोग्रॅमचा असून त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.६ मीटर पुढे आहे. मागची चाके जेथे टेकतात त्या बिंदूभोवती वजनाचे परिबल, म्हणजे बल गुणिले अंतर, ४८० होईल. पुढची चाके जमिनीवर राहतात ती त्याच्यामुळे. आता बुंधा हटत नाही आणि साखळीला ५०० किलोग्रॅमची ओढ बसते. आसाखालच्या, ०.४ मीटर उंचीच्या आकड्याला ती बांधली असेल, तर उलटे परिबल फक्त २००. पण 'वरून बांधले की जोर लागतो' असे सांगणारे जाणकार गावोगाव भेटतात! आसनामागे १.२ मीटरवर बांधा, तेच परिबल ६०० होते. पुढची चाके उचलली जातात, ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालक त्याखाली सापडतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.