शापावाचूनचे विस्मरण

चैत्री पौर्णिमेच्या पहाटे गावोगावच्या मारुतिमंदिरांत जन्माचे कीर्तन उभे राहते. सूर्यबिंब क्षितिजावर येताच गुलाल उधळला जातो, पाळणा म्हटला जातो आणि सुंठवड्याचा प्रसाद हाती पडतो. या दिवशी उत्तररंगाला आख्यान कोणते लावावे, असे तरुण कीर्तनकार आम्हांस विचारतात. लंकादहन किंवा द्रोणागिरी यांची त्यांना अपेक्षा असते. आम्ही मात्र त्यांना समुद्रतीरावरचा तो प्रसंग सुचवितो, ज्यात हनुमंत काहीच बोलत नाही.

वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात अखेरीस हा प्रसंग येतो. सुग्रीवाने घातलेली महिन्याची मुदत उलटून गेली होती. सीतामाईचा ठावठिकाणा संपातीकडून कळला, परंतु मध्ये १०० योजनांचा सागर पसरलेला. अंगदाने एकेकाला त्याचे बळ विचारले. गज म्हणाला १० योजने, गवाक्ष म्हणाला २०. असे चढत चढत सुषेण ८० वर आला. तरुणपणी त्रिविक्रमाला प्रदक्षिणा घातलेला जांबवान वार्धक्यामुळे ९० वर थांबला. अंगदाला १०० योजनांचे उड्डाण शक्य होते, पण परतण्याची खात्री वाटत नव्हती. या साऱ्या मोजदादीत हनुमंताने आपला आकडा सांगितलाच नाही. तो एकीकडे स्वस्थ बसून होता.

असे का व्हावे? लोकांत याचे उत्तर रूढ आहे. बाळपणी मारुतीने ऋषींच्या आश्रमांत पुंडाई केली, तेव्हा कोणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझे बळ कळणार नाही, असा शाप त्याला मिळाला. ही कथा उत्तरकांडातील आहे. एवढे सामर्थ्य असता वाली आणि सुग्रीव यांच्या वैरात हनुमंत स्वस्थ का राहिला, असे श्रीराम अगस्त्यांना विचारतात, त्या ओघात ती येते. उत्तरकांड मागाहून जोडले गेले असावे, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. किष्किंधाकांडात, प्रत्यक्ष समुद्रतीरावर, जांबवान शापाचा उच्चारही करीत नाही. ‘तू एकटाच गप्प का?’ एवढेच तो विचारतो.

वाचकहो, आम्हांस या अनुल्लेखात मोठा अर्थ दिसतो. स्वतःचा विसर पडण्यास ऋषींचा शाप लागतोच असे नाही. संसाराची ओझी वाहता वाहता, दुसऱ्याच्या यशाकडे पाहता पाहता, माणूस आपसूक स्वतःपासून दूर जातो. त्यास कोणी दोषी नसतो, आणि म्हणूनच ते ध्यानातही येत नाही.

हे आम्ही अनुभवाने लिहितो. चाळिशीच्या सुमारास एका नामवंत बुवांच्या कीर्तनाची आम्हांवर अशी मोहिनी पडली, की त्यांच्या ताना, त्यांचे विनोद, उपरणे सावरण्याची त्यांची लकबसुद्धा आम्ही उचलली. बिदागी वाढली, आमंत्रणे वाढली. २००३ सालच्या हनुमानजयंतीस आमच्याच गावच्या मंदिरात, ऐन जन्माच्या आधी वीज गेली आणि ध्वनिक्षेपक बंद पडला. सभामंडप भरलेला, आणि आमचा आवाज पहिल्या चार रांगांपलीकडे जाईना. उसना घेतलेला तो बारीक, नखरेल आवाज यंत्रावाचून उभाच राहत नव्हता. घशाला कोरड पडली. आम्ही झांज खाली ठेवली.

समई सारखी करण्याच्या निमित्ताने वृद्ध गुरव जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “बुवा, तुम्ही सात वर्षांचे होता. वडिलांचा घसा बसला होता आणि याच जागी पाळणा तुम्ही एकट्यानं म्हटलात. मध्येच चुकलात, लोक हसले, पण थांबला नाहीत. बाहेर पायरीवर बसलेल्या माझ्या आईला शब्दन् शब्द ऐकू गेला. तेव्हा कुठं होता कर्णा? उठा आता, सूर्य काही तुमच्यासाठी थांबायचा नाही.”

आम्ही पाळणा म्हटला. आवाज वडिलांसारखा जाडाभरडा निघाला. तोच आमचा होता.

पुढे किष्किंधाकांड पुन्हा वाचताना जांबवंताची रीत आम्हांस उमगली. तो हनुमंतास नवे बळ देत नाही, मंत्रही देत नाही. त्याची जन्मकथा तेवढी सांगतो: अंजनी, केसरी, वायूचा प्रसाद, आणि फळ समजून सूर्याकडे घेतलेली झेप. ती झेप ३०० योजनांची होती, हे तो आवर्जून सांगतो. समोरचा सागर तर १०० योजनांचाच! इंद्राच्या वज्राने डावी हनुवटी भंगली, हेही तो लपवीत नाही. ‘हनुमान’ हे नावच त्या जखमेतून आले. आणि शेवटी, सारे वानर तुझ्याकडे डोळे लावून बसले आहेत, याची जाणीव देतो. मग हनुमंत वाढू लागतो.

आपली ओळख एकांतात डोळे मिटून सापडते, असे आपण समजतो. कधी सापडतही असेल. परंतु आपले मूळ ज्याने पाहिले आहे अशा वडीलधाऱ्याचे शब्द, आणि आपल्यावाचून अडलेले कोणाचे तरी काम, ही दोन साधने या कथेने पुढे ठेवली आहेत.

सातारा जिल्ह्यातील चाफळ येथे समर्थ रामदासस्वामींनी सतराव्या शतकात मारुतीच्या दोन मूर्ती स्थापिल्या. श्रीराममंदिरासमोर हात जोडलेला दासमारुती, तर मंदिरामागे प्रतापमारुती. ज्याला आपले बळ आठवले, त्यालाच हात जोडून उभे राहणेही शोभते.

आमचे ते गुरव आता हयात नाहीत. आज सुंठवडा घेऊन घरी परताल, तेव्हा घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती तो आधी द्यावा, क्षणभर शेजारी टेकावे आणि विचारावे, ‘मी लहानपणी कसा होतो?’