‘आज नको’ म्हणण्याची विद्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विमानाविषयी बोलायला मला बोलावलं, याचं तुमच्याइतकंच मलाही नवल वाटलं. पण बारामती-इंदापूर भागात राहणाऱ्या माणसाला विमान ही काही लांबची गोष्ट राहिलेली नाही. गोजुबावीजवळच्या माळावर एमआयडीसीनं बांधलेली पावणेदोन किलोमीटरच्या आसपासची धावपट्टी आहे. तिथं वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. सकाळी चहाचा कप हातात घेऊन अंगणात आलं, की डोक्यावरून पांढरं इवलंसं विमान घरघरत जातं. आमच्याकडची पोरं आता वरही पाहत नाहीत.

माझ्या भाचीनं मात्र पाहिलं. बारावी झाल्यावर ती म्हणाली, “मामू, मला विमान चालवायला शिकायचंय. आणि पुढं कधीतरी स्वतःचं छोटं विमान घ्यायचंय.” तिची आई, म्हणजे माझी आपा, घाबरली. आपा इंदापूर तालुक्यात राहते. २५ जुलै २०२२ रोजी कडबनवाडीच्या शिवारात एक शिकाऊ विमान कोसळलं होतं. चालवणारी मुलगी किरकोळ जखमांवर बचावली. पुढं ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानांना अपघात झाले. आपानं मला सांगितलं, “तू शिकलेला आहेस. नीट चौकशी कर. मगच मी हो म्हणेन.” आता शिकलेला म्हणजे काय, तर छंद आणि अलंकार शिकलेला! पण बहिणीनं जबाबदारी टाकली. म्हणून मी वैमानिकांना, शिकवणाऱ्यांना, विमानाच्या मिस्त्रींना भेटलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगतो.

खासगी विमान म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं उद्योगपतींचं चकचकीत जेट येतं. मी बोलतोय ते दोन-चार माणसांच्या, एका इंजिनाच्या, पंख्याच्या विमानाबद्दल. सेसना १५२ हे त्यातलं ओळखीचं नाव. दोन आसनं, एकशे दहा अश्वशक्तीचं इंजिन, माणसं आणि इंधन धरून जास्तीत जास्त वजन साडेसातशे किलोच्या थोडं वर. म्हणजे आपल्या एखाद्या लहान मोटारीपेक्षाही हलकं. या विमानाचं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं, पण त्या काळातली विमानं जगभर अजून उडतात. जुनं म्हणजे धोक्याचं, हा माझा समज इथं पहिल्यांदा गळून पडला. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं. त्याच्या पन्नासाव्या वर्षी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथ नावाच्या जवळजवळ अर्धशतक जुन्या विमानातून. विमानाचं वय किती यापेक्षा त्याची निगा कोणी आणि कशी राखली, हे महत्त्वाचं.

निगा म्हटली, की मला अब्बा आठवतात. अब्बा विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती. कोणाचं इंजिन, कधी उघडलं, काय बदललं, सगळं त्यात. ते म्हणायचे, “इंजिन खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. म्हणून वही.” विमानाच्या मिस्त्रीला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि त्यानं माझ्यापुढं वह्यांचा गठ्ठाच ठेवला. विमानाच्या सांगाड्याची वही वेगळी, इंजिनाची वेगळी, पंख्याची वेगळी, प्रवासाची आणखी वेगळी. साधा नट बदलला तरी नोंद आणि परवाना असलेल्या अभियंत्याची सही. ही सही झाल्याशिवाय विमान उडवायचं नाही. कवितेखाली सही करताना माझा हात कधी थरथरला नाही. त्या सहीखाली दोन जीव असतात, हे कळल्यावर मात्र मला त्या मिस्त्रीच्या हाताचा आदर वाटला.

मोटारीची सर्व्हिसिंग आपण किलोमीटरवर मोजतो, विमानाची तासांवर. साधारण पन्नास तासांनी इंजिनाचं तेल बदलतात, शंभर तासांनी विमान उघडून कसून तपासतात, आणि दोन हजार तासांच्या आसपास इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं करतात. शिवाय विमान उडण्यालायक आहे याचं प्रमाणपत्र दर वर्षी नव्यानं पडताळून घ्यावं लागतं. नोंदणी, विमा, रेडिओचा परवाना हे निराळंच. आपल्याकडच्या विमानांच्या नावाची सुरुवात ‘व्हीटी’ या अक्षरांनी होते, ती या नोंदणीतून. मोठी गंमत म्हणजे, न उडवलेलं विमान जास्त लवकर बिघडतं. आत दमट हवा साचते, गंज चढतो. पावसाळाभर बंद राहिलेलं विहिरीवरचं इंजिन दिवाळीत सुरू करताना शेतकऱ्याची जी दमछाक होते, तीच ही गोष्ट. म्हणून जाणते सांगतात, विमान विकत घेणं सोपं, ते पाळणं कठीण. बैलासारखंच. वापर नसला तरी वैरण चुकत नाही.

स्वतःच्या विमानाचं वेड काय असतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं. गच्चीवर विमान बांधण्याइतकाच धीर कागदांची वाट पाहायला लागतो. हा कागदांचा काच आपल्याला जाचक वाटतो, आणि कधी कधी तो असतोही. पण आकाशात रस्त्याच्या कडेला गाडी लावायची सोय नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे बऱ्याच कागदांचा अर्थ लागतो.

चालवणाऱ्यालाही कागद लागतो. हौसेनं उडवायचं तर खासगी वैमानिकाचा परवाना. त्यासाठी वय सतरा, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान चाळीस तासांचं उड्डाण. उपजीविका म्हणून करायचं तर दोनशे तास. परवाना मिळाला म्हणून मन मानेल तेव्हा भुर्रकन उडता येत नाही. कुठून कुठं, कधी, कोणत्या उंचीवरून जाणार, हे आधी कळवावं लागतं. हवाई संरक्षणाच्या यंत्रणेकडून परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो. पुण्याचं लोहगाव तर हवाई दलाचंच ठाणं आहे.

आता उडण्याआधीची प्रदक्षिणा. भाचीनं शिकायला सुरुवात केल्यावर मी लांबून ती पाहिली. विमानाभोवती ती सावकाश फिरते. टाकीत पट्टी बुडवून पेट्रोल मोजते, काट्यावर विश्वास ठेवत नाही. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढते आणि उजेडाकडे धरते. हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं. पाणी शिरलं असेल, तर ते जड असल्यानं तळाशी वेगळं दिसतं. ते पाणी हवेत असताना इंजिनात गेलं, तर इंजिन गप्प. पंखाखाली वेग मोजणारी एक बारीक नळी असते. तिच्यावर टोपी घालायला विसरलं, तर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते आणि वेगाचा काटा भलतंच सांगू लागतो. एवढ्या मोठ्या यंत्राला एवढीशी माशी पुरते!

इंजिन सुरू झालं, की दोन मॅग्नेटो एकेक करून तपासायचे. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग असतात आणि ठिणगीच्या दोन स्वतंत्र व्यवस्था. एक गेली, तर दुसरी घरी आणते.

मग हवामान. आमच्या धावपट्टीची दोन टोकं ११ आणि २९ या आकड्यांनी ओळखतात. होकायंत्रावरचे एकशेदहा आणि दोनशे नव्वद अंश. विमान वाऱ्याला तोंड देऊन चढतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला, की २९. पाठीवर वारा घेणं माणसाला सुखाचं, विमानाला घाताचं.

आमचा उन्हाळाही विमानाला मानवत नाही. तापलेली हवा विरळ होते. पंखाला आधार कमी, पंख्याला पकड कमी, इंजिनाला दम कमी. बारामतीचा माळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिसावर असला, तर विमानाला वाटतं, आपण जवळपास कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवरून उडतोय! जी धावपट्टी डिसेंबरच्या सकाळी ऐसपैस वाटते, ती मेच्या दुपारी आखूड पडू लागते. थंडीत वेगळी अडचण. उजनीच्या फुगवट्यावरून येणारं धुकं आणि उसाच्या पाचटाचा धूर. डोळ्यांनी पाहून उडायचं तर साधारण पाच किलोमीटरपर्यंतचं दिसायला हवं. शिवाय भिगवणला येणारे पाहुणे पक्षी आहेतच. रोहित पक्ष्यांवर मी कविता केल्या आहेत, पण भाची म्हणते, “मामू, मला ते लांबूनच आवडतात.”

आणि एवढं करूनही हवेत इंजिन बंद पडलं तर? आपाचा खरा प्रश्न हाच होता. उत्तर ऐकून मीही चकित झालो. विमान दगडासारखं पडत नाही, ते तरंगत उतरतं. सेसना १५२ सारखं विमान जितक्या उंचीवर असेल, त्याच्या आठ-नऊ पट अंतर इंजिनाशिवाय कापू शकतं. नऊशे मीटरवर असाल, तर सात-आठ किलोमीटर. तेवढ्या वेळात शेत निवडायचं. वरून उसाचं शेत हिरव्या गालिच्यासारखं दिसतं, पण तो गालिचा पुरुषभर उंचीहून जास्त असतो. त्यापेक्षा काढणी झालेलं ज्वारीचं रान बरं. विजेच्या तारा दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे.

पण चढता चढताच, कमी उंचीवर इंजिन गेलं, तर मागं वळून धावपट्टी गाठायचा मोह टाळायचा. वळताना वेग जातो, पंखावरची हवा सुटते आणि विमान कोसळतं. समोर जे दिसेल, तिथंच उतरायचं. आणि पंखावरची हवा सुटू लागली, तर नाक वर ओढायचं नाही, खाली करायचं. जीव म्हणतो वर ओढ, शिक्षण म्हणतं खाली सोड. सगळं शिक्षण या एका क्षणासाठी असतं, असं मला वाटलं.

तरीही जाणत्यांनी मला सांगितलं, की अपघाताचं बीज पुष्कळदा जमिनीवरच पडलेलं असतं. ‘पोचायचंच’ या हट्टात. हा हट्ट मला चांगला ठाऊक आहे. तरुणपणी एका कविसंमेलनासाठी मी इंदापूरहून भर पावसात दुचाकीवर निघालो. घरच्यांनी नको म्हटलं होतं. भिगवणच्या अलीकडे घसरलो, गळ्याचं हाड मोडलं. नंतर कळलं, पावसामुळं संमेलन रद्दच झालं होतं! मी रस्त्यावर पडलो म्हणून आज हसून सांगतोय. म्हणून वैमानिक उडण्याआधी स्वतःचीही प्रदक्षिणा घालतो. आजारी आहे का? औषध घेतलंय का? झोप झालीय का? भांडून आलोय का? पोटात काही आहे का? भाचीनं मला विचारलं, “मामू, रमजानात रोजा ठेवून उडू का?” मी म्हटलं, “बेटा, प्रवासात रोजासुद्धा पुढं ढकलायची मुभा आहे. मग उड्डाण का पुढं ढकलता येऊ नये?”

२८ जानेवारी २०२६ ची सकाळ आमच्या भागात कोणी विसरणार नाही. बारामतीला उतरताना विमानाला अपघात झाला आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातल्या पाचही जणांचा मृत्यू झाला. ते लहान खासगी विमान नव्हतं, जेट होतं. त्याचा तपास करणारे करतील, माझ्यासारख्यानं त्यावर बोलू नये. पण त्या दिवशी आपाचा फोन आला आणि ती फक्त रडली. आम्हाला दोघांनाही माहीत होतं, ती कोणासाठी रडतेय आणि कशाला घाबरतेय. मी तिला धीर देऊ शकलो नाही. धोका नाही, असं म्हणणं खोटं झालं असतं.

काही आठवड्यांनी भाची भल्या सकाळी गेली आणि दहा वाजताच परत आली. आपानं विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही अम्मी. धावपट्टीवरून मी रोज एक पाण्याची टाकी बघते. आज ती धुरात दिसली नाही. मीच सरांना म्हटलं, आज नको.” आपा काही बोलली नाही. तिनं चहा ठेवला. मी तिथंच होतो. इतके दिवस मी आपाला इंजिनं, वह्या, नियम समजावत होतो. तिला जे ऐकायचं होतं, ते त्या तीन-चार शब्दांत होतं.

भाचीचं स्वतःचं विमान होईल की नाही, मला ठाऊक नाही. झालं, तर तिच्यासाठी एक लाल कापडी बांधणीची वही मी आणून ठेवली आहे. अब्बांच्या वहीसारखी. त्यात उडालेल्या दिवसांसारखीच न उडालेल्या दिवसांचीही नोंद ठेव, असं मी तिला सांगितलंय. पहिलं पान तिनं त्या धुराच्या सकाळनं भरलं आहे.