कापसाच्या गाडीचं वायरिंग

दिवाळीच्या आगेमागे वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणीच्या मुहूर्ताची पूजा, सीतादही, होते, पहिली वेचणी घरात येते आणि रस्ते पांढरे व्हायला लागतात. हिंगणघाट, देवळी, सेलू, आर्वी, पुलगाव, कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं तरी कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या दिसतात. त्यांत नव्या पिकअप असतात तशाच वीस-तीस वर्षांपूर्वीच्याही असतात. जुनी टाटा, जुनी महिंद्रा, हौदा बसवलेली जीप, एखादी टिकून राहिलेली मॅटाडोर. इंजिन दोनदा बांधलेलं, पत्रा तीनदा रंगवलेला, टायर नवे. वायरिंग मात्र कंपनीतून आलं तेच, आणि त्यावर प्रत्येक मिस्त्रीनं आपापल्या परीनं मारलेले जोड. या गाड्यांत सगळ्यात धोकादायक भाग तोच आहे, आणि तो पूर्ण बदलणं साध्या गॅरेजमध्येही शक्य आहे. हा लेख त्यासाठी आहे.

या गाड्या आल्या कुठून

महिंद्रांची कंपनी १९४५ची. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला त्यांनी अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिचाच वंश पुढे लांब चॅसिसच्या, हौद्याच्या गाड्यांपर्यंत गेला. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले. १९८६ मध्ये ४०७ आली आणि १९८८ मध्ये टाटामोबाईल २०६ ही पिकअप. मॅटाडोर बजाज टेम्पोची. त्या नावातलं ‘बजाज’ हे घराणं वर्धेकरांना सांगायला नको. जमनालालजींची कर्मभूमी हीच.

या इतिहासाचा वायरिंगशी थेट संबंध आहे. कोणती गाडी अमेरिकन मुळाची, कोणती जर्मन आणि कोणत्या गाडीत लुकास पद्धतीचे विजेचे भाग आहेत, यावर तिच्या वायरींचे रंग ठरतात. लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये मद्रासला सुरू झाली आणि ब्रिटिश रंगपद्धत आपल्याकडच्या मिस्त्रींच्या अंगवळणी पडली. त्या पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीतून सरळ येते, चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतो. पांढरी चावीनंतरची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाईटची, लाल पार्किंगची, काळी अर्थची. जर्मन पद्धतीत मात्र तपकिरी म्हणजे अर्थ. एकीकडे जिवंत असलेली वायर दुसरीकडे अर्थ असते. म्हणून रंग पाठ असले तरी हात घालण्याआधी त्या गाडीचा नकाशा मिळवावा आणि टेस्ट लॅम्प लावून खात्री करावी.

वायर म्हातारी कशी होते

विलीजच्या काळातल्या वायरींवर रबर असे आणि त्यावर सुताची विणलेली खोळ, लाखेसारख्या द्रव्यात बुडवलेली. आपल्या शिवारात पिकतो तो कापूसच तेव्हा विजेला अडवायच्या कामाला होता. रबर सुकून तडकायचं, सूत ओल धरायचं आणि कुजायचं. पुढे पीव्हीसीचं आवरण आलं. तेही अमर नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य उष्णतेनं हळूहळू निघून जातं आणि आवरण काडीसारखं कडक होतं. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीत काय होत असेल याची कल्पना करावी. पावसाळ्यात काळ्या रेगडीचा चिखल चॅसिसवर थापून बसतो आणि ओल महिनोन्‌महिने धरून ठेवतो. त्यात तांब्यावर हिरवट गंज चढतो, अर्थचे बोल्ट खाल्ले जातात. उरलेलं काम उंदीर करतात. गाडी गोदामाजवळ उभी असेल तर त्यांना दाणाही मिळतो आणि वायरीही.

शिवाय या गाड्या डिझेलच्या. यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की चालत राहायला त्याला वीज लागत नाही. सेल्फ आणि हीटर प्लग सोडले तर वायरिंगवाचून गाडीचं अडत नाही. म्हणूनच वायरिंगची दुखणी वर्षानुवर्षं अंगावर काढली जातात. लाईट गेला की मिस्त्री बॅटरीवरून एक वायर ओढून ‘डायरेक्ट’ मारून देतो. फ्यूज वारंवार उडाला की त्या जागी तार गुंडाळली जाते. काम त्या दिवसापुरतं होतं.

फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी असतो असं पुष्कळांना वाटतं. तो असतो वायरीला वाचवण्यासाठी. डिझेल गाडीची बॅटरी सेल्फ फिरवण्यासाठी शेकडो अँपिअर देऊ शकते. पातळ वायर पत्र्याला घासून उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसेल, तर तो सगळा करंट तिच्यातून धावतो. काही सेकंदांत वायर लाल होते, शेजारच्या वायरींचं आवरण वितळतं. वर हौद्यात कापूस असेल तर पुढचं सांगायला नको. कापसाची आग आत धुमसत राहते. वरून विझलेली दिसते आणि तासांनी पुन्हा भडकते. शेतकऱ्याचं वर्ष त्या एका गाडीत असतं. जुन्या गाडीचं वायरिंग बदलणं म्हणूनच हौसेच्या यादीत टाकू नये. ते हंगामाच्या तयारीत, बियाण्या-खताच्या शेजारी बसायला हवं.

काम कसं करावं

बाजारात काही गाड्यांचे तयार वायरिंग सेट मिळतात. जुन्या, कमी खपाच्या गाड्यांचा सेट बनवून घ्यावा लागतो. जुनं वायरिंग न कापता अख्खं उतरवायचं, लाकडी फळीवर पसरायचं, जिथे फाटा फुटतो तिथे खिळा ठोकायचा आणि त्याच खिळ्यांभोवती नव्या वायरी ओढायच्या. जुनं कापून काढलं की मापं हातची जातात.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढण्याचं. मग प्रत्येक जोडाचा फोटो आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी. मोबाईलनं हे काम फार सोपं केलं आहे. नंतरच पाना हातात घ्यावा.

वायरीची जाडी हिशेबानं ठरते. हेडलाईटचे ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॉट. १२ व्होल्टला ते १० अँपिअर ओढतात. बॅटरीपासून चावी, स्विच, डिपर असं फिरून दिव्यापर्यंतचं अंतर ५ मीटर धरलं आणि वायर १ चौरस मिलिमीटरची असली, तर वाटेतच ०.९ व्होल्टच्या आसपास गळतात. जुने स्विच आणि गंजलेले जोड आणखी खातात. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचू नये तशी गत होते. हॅलोजन बल्बला दाब १० टक्के कमी मिळाला तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. रात्री बैलगाडी दिसायला लागणारा उजेड तो हाच. उपाय दोन. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि हेडलाईटला रिले लावावा. रिले लावला की स्विचमधून नाममात्र करंट जातो, मोठा करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे जवळच्या वाटेनं दिव्याला मिळतो. हॉर्नलाही हीच व्यवस्था करावी.

जुन्या जीपमध्ये डॅशबोर्डवर अँपिअरमीटर असे आणि गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्यातून फिरे. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला असेल तर ती जुनी वाट अपुरी पडते आणि डॅशबोर्डमागे तापते. अशा गाडीत अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर वेगळी न्यावी आणि अँपिअरमीटरऐवजी व्होल्टमीटर लावावा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. त्याच्या अलीकडची वायर उघडी पडली तर तिला कोणीच वाचवत नाही.

नवं वायरिंग बसवताना डॅशबोर्डपासून सुरुवात करावी. एक फाटा पुढे दिव्यांकडे, एक इंजिनाकडे, एक चॅसिसवरून मागे. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. सायलेन्सर, डिझेलचा पाईप आणि ब्रेकचा पाईप यांच्यापासून अंतर ठेवावं. इंजिन हलतं, म्हणून तिथे वायरीला थोडी ढील द्यावी. बाकी ठिकाणी हातभर अंतराच्या आत क्लिप मारावी. जोड शक्यतो लग दाबून करावेत. नुसता कथिलाचा डाग दिला तर वायर डागापाशी कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते.

अर्थिंगकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि निम्मी दुखणी तिथलीच असतात. बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. हौदा लाकडी असेल तर मागच्या दिव्यांना अर्थची वेगळी वायर न्यावीच. इंजिन आणि चॅसिस यांच्यामधली अर्थची पट्टी तुटली असेल तर सेल्फ मारताना करंट परतीची दुसरी वाट शोधतो. कधी ती वाट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलची असते. केबल विनाकारण तापते, चिकटते, तेव्हा आधी ही पट्टी पाहावी.

सगळं जोडून झालं तरी बॅटरी लगेच लावू नये. निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडावा. सगळे स्विच बंद असताना तो पूर्ण पेटला, तर कुठेतरी वायर पत्र्याला लागली आहे. बल्ब करंट अडवून धरतो, त्यामुळे काही जळत नाही. दोष सापडेपर्यंत एकेक फ्यूज काढून पाहावा. बल्ब विझला की बॅटरी लावावी आणि इंजिन चालू करून दाब मोजावा. चार्जिंग बरोबर असेल तर मीटर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान दाखवतो.

हंगामाआधी

ज्यांनी घरची जुनी जीप शोभेसाठी राखली आहे, त्यांना आतून पीव्हीसी आणि वरून सुताची वीण असलेली वायर वापरून मूळ रूप ठेवता येतं. मालाची गाडी चालवणाऱ्याला शोभा नको, भरवसा हवा. आठ वर्षांनंतर व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस दाखवावा लागतो. त्या तपासणीत दिवे लागले, इंडिकेटर चमकले, हॉर्न वाजला की हा भाग निभावून जातो. डॅशबोर्डमागे काय गुंडाळलं आहे ते तपासायची जबाबदारी मालकाचीच राहते. ती पावसाळा संपल्यावर, कापूस भरण्याआधी पार पाडावी.

शेवटी एक मागणं, गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे आणि आयटीआयमधून नव्यानं बाहेर पडणाऱ्या मुलांकडे. नवं वायरिंग घातलं की कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे गेली, कोणता फ्यूज किती अँपिअरचा, रिले कुठे बसवला, हे एका कागदावर काढा. कागद प्लास्टिकमध्ये घालून गाडीतच ठेवा. ज्या गाडीचा नकाशा तिच्या सोबत आहे, तिच्यात पुढचा मिस्त्री अंदाजानं वायर तोडणार नाही आणि डायरेक्टही मारणार नाही. आपल्याकडचं हे कसब आजवर हातातून हातात आलं. ते कागदावर उतरलं तर गाडीही टिकेल आणि तिच्यातला माल सुखरूप जिनिंगपर्यंत पोचेल.