झूम हवा की सेन्सर?

पहिला बोनस हातात पडला की मित्रमंडळींचा मला फोन ठरलेला, ‘डीएसएलआर घेऊ की सुपरझूम?’ माझा उलटा प्रश्न एकच. बॉस, फोटो कशाचे काढणार?

भिगवणच्या फ्लेमिंगोंचे? मग सुपरझूमच. २०१८ साली आलेल्या निकॉन पी१०००चा झूम तब्बल १२५ पट, म्हणजे २४ ते ३००० मिलिमीटर! डीएसएलआरसोबत येणाऱ्या १८-५५च्या लेन्समधून तेच पक्षी नुसते गुलाबी ठिपके दिसतात.

पण घरातलं बारसं, ट्यूबलाइटचा उजेड? इथे झूमचा फंडा चालत नाही. अशा सुपरझूमचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा; एन्ट्री-लेव्हल डीएसएलआरचा साधारण तेरापट मोठा. सेन्सर मोठा म्हणजे प्रकाश जास्त आणि फोटोतले दाणे कमी. त्यावर ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स लावली, तर फ्लॅशची गरजच उरत नाही.

मी दोन्ही वापरून डीएसएलआर ठेवला. फ्लेमिंगो पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतील, आजीचं सहस्रचंद्रदर्शन एकदाच होणार होतं. तुमचं आयुष्य डोंगरदऱ्यांत, पाणवठ्यांवर जात असेल, तर तुमचं उत्तर वेगळं असेल आणि तेही बरोबरच.

खिशाचं म्हणाल, तर कंपन्या आता मिररलेसकडे वळल्यात, त्यामुळे डीएसएलआर सेकंडहँड बघायला हरकत नाही. फक्त शटर काउंट विचारा आणि लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी नाही ना, हे नक्की तपासा. आपल्याकडचा पावसाळा लेन्सलाही सोडत नाही!