गुरांचे डॉक्टर व्हायला अंगात किती बळ लागते?

नवापूर तालुक्यातल्या एका पालकांचे पत्र आले आहे. मुलगी बारावी विज्ञानला आहे, मार्क चांगले पडतात, तिला गुरांचे डॉक्टर व्हायचे आहे. नातेवाईक मात्र म्हणतात, "एवढीशी पोर, बैलाला कशी आवरणार?" शिवाय तिला लहानपणापासून धुळीने दम लागतो. तेव्हा तिने हा नाद सोडावा का, असे त्यांनी विचारले आहे. निकालाच्या सुमारास दवाखान्यातही कोणी ना कोणी हे विचारतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथली सरकारी महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, किती वजन उचलता येते ते त्यात कोणी पाहत नाही. अमेरिकेतली महाविद्यालये उमेदवाराला अंगाने काय काय जमायला हवे याची लेखी यादीच आधी हातात देतात. जनावर सुरक्षित धरता आले पाहिजे, बारीक आवाज ऐकू आला पाहिजे, खूप वेळ उभे राहता आले पाहिजे, वगैरे. मला ती पद्धत बरी वाटते. आपल्याकडे हे मुलांना कळते ते थेट शवविच्छेदनाच्या टेबलाशी, फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरू लागल्यावर.

आता बळाचे. चारशे किलोच्या म्हशीपुढे गावचा पैलवानही ताकदीने टिकत नाही, मग मुलीलाच का विचारायचे? जनावर आवरते ते खोड्याने, वेसणीने आणि दोराने. गाय पाडायची तर मानेला एक फास, पुढच्या पायांच्या मागे छातीला दुसरा वेढा, कासेच्या पुढे पोटाला तिसरा, आणि दोर मागे सरळ ओढायचा. वेढे आवळले की गाय आपोआप बसते. दोन माणसे सहज करतात. अडलेल्या गाईचेही तसेच. वासराचे डोके किंवा पाय वळलेला असेल तर दहा जणांनी ओढूनही उपयोग नाही, उलट गर्भाशय फाटते. आत हात घालून ते सरळ करणे हेच कौशल्य, आणि तिथे लहान, निमुळता हात फायद्याचाच असतो.

खरा त्रास होतो तो हाताला आणि खांद्याला. गाभण तपासताना किंवा कृत्रिम रेतन करताना हात गुदमार्गातून जवळजवळ खांद्यापर्यंत आत जातो. बहुतेक जण डावा हात आत घालतात आणि उजव्या हाताने नळी धरतात. आतडे आवळले की मनगटापासून दंडापर्यंत हात बधिर होतो. अशा वेळी नवे विद्यार्थी जोर लावतात. तसे न करता आवळ सुटेपर्यंत हात सैल ठेवावा. दिवसाला अशी अनेक जनावरे तपासणाऱ्यांना पुढे खांदा व मान धरण्याचा त्रास होतो. त्यासाठी आतापासून सूर्यनमस्कार, उठाबशा आणि मुठीत रबरी चेंडू दाबणे एवढे रोज केले तर पुरे. डाव्या हाताने लिहायची, बटणे लावायची सवय केली तर आणखी चांगले. व्यायामशाळेत दंड फुगवून यातले काही मिळत नाही.

लाथेबद्दलही सांगतो, कारण दवाखान्यात मांडी सुजवून येणारे मी पाहतो. घोडा सरळ मागे झाडतो. गाय पाय पुढे घेऊन बाजूला फेकते. म्हणून गाईच्या अगदी अंगाला लागून उभे राहावे नाही तर पुरते लांब. मधल्या अंतरावरच लाथ पूर्ण जोराने बसते.

बाईमाणसाला हे काम झेपत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. आयर्लंडच्या ॲलीन कस्ट यांनी १९०० साली एडिंबरोत अभ्यासक्रम पुरा केला, पण बाई म्हणून त्यांना ब्रिटनमध्ये अधिकृत पशुवैद्य ठरवले ते १९२२ साली. मधली बरीच वर्षे त्या आयर्लंडच्या खेड्यांत घोडे आणि गुरेच तपासत होत्या. गुरांची तक्रार नव्हती.

कान आणि डोळे मात्र तपासून घ्यावेत. जनावर बोलत नाही, तेव्हा छातीची घरघर, पोटाचा आवाज, हिरड्यांचा फिकेपणा की पिवळेपणा, यावरच निदान ठरते. लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर तो आधी कळलेला बरा. ज्यांना अपंगत्व आहे त्यांनी लगेच हात टेकू नयेत. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. महाराष्ट्रातल्याच एका वैद्यकीय उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले की केवळ अपंगत्वाच्या टक्क्यावरून कोणाला नाकारता येत नाही, त्याला अभ्यासक्रम झेपेल का हे मंडळाने तपासायला हवे. माझ्या मते हा न्याय पशुवैद्यकालाही शोभेल.

दम्याचा प्रश्न मात्र खरा आहे. नवापूरकरांना १८ फेब्रुवारी २००६ ची आठवण करून द्यायला नको. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आपल्याच कुक्कुटपालन केंद्रांत सापडल्याचे त्या दिवशी जाहीर झाले. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. अंगभर प्लास्टिकचे कपडे, मास्क, चष्मा, आत घामाच्या धारा, बाहेर पिसे आणि विष्ठेची धूळ, अशा स्थितीत ते काम करायचे होते. माणसाला लागण झाल्याचे तेव्हा सिद्ध झाले नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच करावे लागले. मास्क लावून तासन्तास श्वास घेता येणे ही या व्यवसायातली शारीरिक पात्रताच आहे. म्हणून मुलीला छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन फुंकण्याची तपासणी करून घ्या. जनावरांच्या केसांची, पिसांची ॲलर्जी आहे का तेही विचारा. दमा औषधाने नीट ताब्यात असेल तर केवळ त्यासाठी मी तिला अडवणार नाही. ॲलर्जी जबर असेल तर पोल्ट्री टाळून प्रयोगशाळा किंवा रोगनिदान हे मार्ग तिला पुढे निवडता येतील. मात्र पहिल्या साडेपाच वर्षांत गोठा आणि कोंबड्या चुकत नाहीत. दमा लपवून प्रवेश घेऊ नका.

प्रवेश मिळाला तर कुत्र्या-मांजरांना हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. तिच्या तीन मात्रा आहेत, पहिल्या दिवसानंतर ७ व्या आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का पाहावे. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने कधीच काढू नये. ब्रुसेलाचा ताप त्यातून येतो, महिनोन्महिने येत-जात राहतो आणि सांधे धरतो. असा ताप आला तर डॉक्टरांना आपण गुरांत काम करतो हे आधी सांगावे, म्हणजे तपासणी त्या दिशेने होते.