जुन्या एसयूव्हीसाठी ट्रेलर हिचची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
अमेरिकेत होड्या, घोडे वा घरसामान नेण्यासाठी खासगी मोटारीस ट्रेलर जोडण्याची पद्धत रूढ आहे. मोटार व ट्रेलर यांना जोडणाऱ्या साधनास हिच असे म्हणतात. अधिक क्षमतेची हिच बसविल्यास जुन्या एसयूव्हीची भार ओढण्याची क्षमता वाढते, असा समज आढळतो. हा समज धोकादायक का आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

हिचचे वर्ग :
हिचची विभागणी क्षमतेनुसार होते. पहिल्या वर्गाची मर्यादा २,००० पौंड (सुमारे ९०७ किलो), दुसऱ्याची ३,५०० पौंड, तर तिसऱ्याची मूळ मर्यादा ५,००० पौंड (सुमारे २,२६८ किलो) आहे. मात्र हा आकडा केवळ हिचचा असतो, वाहनाचा नव्हे. वाहन, हिच, गोळा व ट्रेलर यांपैकी सर्वांत दुर्बल घटकाची मर्यादा हीच संपूर्ण जोडणीची मर्यादा ठरते.

जुन्या वाहनाची मर्यादा :
१९८४ ते २००१ या काळातील जीप चेरोकी हे याचे उत्तम उदाहरण होय. चार लिटर इंजिन, स्वयंचलित गिअर व ट्रेलरसाठीची विशेष सामग्री असल्यास तिची मर्यादा ५,००० पौंड होती. या सामग्रीविना ती बरीच कमी होती. या गाडीला स्वतंत्र चासी नाही. हिच पत्र्याच्या सांगाड्यालाच बोल्टने जखडावी लागते. बर्फाळ प्रदेशात रस्त्यांवर टाकलेल्या मिठामुळे तो पत्रा गंजतो. अशा वेळी हिच शाबूत राहूनही तिचा आधार निखळू शकतो.

उभा भार :
ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर उभा यावा, असा संकेत आहे. ३,००० पौंडांच्या ट्रेलरसाठी तो ३०० ते ४५० पौंड होतो. तो कमी पडल्यास वेगात ट्रेलर झोके घेऊ लागतो. अधिक झाल्यास पुढील चाकांवरील भार घटून सुकाणूवरील नियंत्रण सैल होते. प्रवासी व सामान यांच्याप्रमाणेच हा भारही वाहनाच्या वहनक्षमतेत धरावा लागतो.

निष्कर्ष :
प्रथम वाहनाची पुस्तिका व दारावरील पट्टी पाहावी, नंतर सांगाड्याची तपासणी करून भरलेल्या ट्रेलरचे वजन करावे आणि शेवटीच हिच निवडावी. हा क्रम उलटल्यास त्याची किंमत रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागते.